दिव्याला पडलेलं खळं

घरातलं माणूस गेलं की त्याच्या वस्तू हलवायला हात धजत नाही. कंगवा फडताळात तसाच राहतो, चपला दाराशी तशाच राहतात, आणि ‘नंतर बघू’ म्हणत आपण त्यांच्या कडेकडेने चालायला शिकतो. घरापुरतं हे चालून जातं. पण गेलेल्या माणसाच्या मागे एक चालतं काम उरलं असेल, त्यावर दहा घरं पोसली जात असतील, तर तिथल्या कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे कोणी ठरवायचं?

लेकीपुढे हाच प्रश्न होता. तिची आई भरतकामाची खोली चालवायची. खाली कुलूपकिल्ल्यांचं दुकान, त्याच्या बाजूने चढणारा अरुंद लाकडी जिना आणि वर एक लांबलचक खोली. तिथे बायका कणीटाक्याच्या शाली भरत. कणीएवढा बारीक टाका, उलट्या बाजूनेही सुलट दिसणारा. तो आता दुसरीकडे कोणाला फारसा येत नव्हता. आईने तो सासूकडून घेतला, आपल्या धाकट्या बहिणीला दिला, मग गल्लीतल्या बायकांना. त्यांतली कोणी नवऱ्याने टाकलेली, कोणी नवऱ्याला टाकून आलेली, कोणाच्या घरात खाणारी तोंडं जास्त आणि कमावणारे हात कमी.

आणि एका भर दुपारी आई त्या जिन्यावरून पडली ती उठलीच नाही. पाय घसरला, असं सगळे म्हणाले. लेकही तेच म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

लेक कॉलेजात ग्रंथपाल होती. जन्म पुस्तकांत गेलेला. सुई हातात धरली ती बटण लावण्यापुरती. तिने लांबलचक रजा टाकली आणि आईच्या जागेवर येऊन बसली. आल्या दिवशीच तिने बायकांना सांगितलं, "आईच्या वेळेला होतं तसंच सगळं राहील. भिंतीतला खिळासुद्धा हलणार नाही."

बायकांचा जीव भांड्यात पडला. त्यांच्यात एक अखंड बोलणारी होती, तिला सगळ्या ‘रेडिओ’ म्हणत. ती म्हणाली, "खिळा नका हलवू ताई, पण पंखा तेवढा हलवा. तुमच्या आईच्या, आमच्या बाईंच्या वेळेपासून तो नुसता आमच्याकडे बघतोय."

सगळ्या हसल्या. हसू ऐकू आलं, दिसलं मात्र नाही. कारण त्या खोलीत अंधार असायचा.

त्याला कारण होतं. शालीचे धागे फुलांच्या आणि सालींच्या रंगात रंगवलेले. त्यांना ऊन सोसत नाही, डाळिंबी रंग तर बघता बघता फिका पडतो. म्हणून खिडक्यांवर दुहेरी जाड कापड ठोकून बसवलेलं होतं. शाल ताणून बसवायच्या प्रत्येक लाकडी चौकटीवर एक मिणमिणता पिवळा दिवा. त्याच्या टीचभर उजेडात फक्त हात दिसायचे, माणसं दिसायची नाहीत. लहानपणी लेक या खोलीत यायला घाबरायची. अंधारात नुसते हातच हात हलताना बघून तिला वाटायचं, यांना तोंडं नाहीतच. आता ती पोक्त बाई झाली होती, तरी जिना चढून आल्यावर ती अजून उंबऱ्याशीच थबकायची. मग मुकाट आत जायची. आईची खोली होती ना ही!

त्या खोलीचा आणखी एक नियम होता. शालीच्या मधलं मोठं फूल कोणालाही भरायला मिळत नसे. वर्षानुवर्षं टाके घालता घालता एखादीला एक दिवस दिव्याभोवती रंगीत वलय दिसायचं. चंद्राला पडतं तसं खळं. ‘खळं पडलं’ म्हणजे तिचा हात पक्का झाला, कलेने तिला आपली म्हटलं! मग ती मोठ्या चौकटीवर बसायची आणि मधलं फूल तिचं. आईला खळं दिसलं होतं. मावशीला दिसलं होतं. रेडिओलाही दिसलं होतं, आणि त्या दिवशी म्हणे ती चक्क घटकाभर गप्प होती.

महिन्याभरात एक बाई जिना चढून आल्या. पारंपरिक वस्त्रांचं मोठं प्रदर्शन भरवणाऱ्या. हातातल्या मोबाइलचा उजेड पाडत, भिंत चाचपत वर आल्या आणि दारातच थबकल्या.

"अहाहा! काय हा अंधार! आणि त्यात हे हात! हे असंच्या असं चित्रित करायचं. ‘वारसा जपणाऱ्या स्त्रिया’ असं नाव देऊ."

"आमची तोंडं दिसतील का हो त्यात?" रेडिओने विचारलं.

"तोंडं कशाला? हात दिसले की पुरे."

"बरं झालं. पावडरीचा खर्च वाचला."

बाईंनी सांगितलेलं काम मोठं होतं. प्रदर्शनासाठी शाली, शिवाय पुढच्या वर्षभराची मागणी. अट एकच, सगळं जुन्या पद्धतीने झालं पाहिजे, आणि खोली अशीच राहिली पाहिजे. लेक आनंदाने हो म्हणाली. आईचं नाव राहणार होतं. बायकांना काम मिळणार होतं. आणखी काय हवं?

हात कमी पडायला लागले म्हणून लेकही सुई धरायला शिकली. मावशीने शिकवलं. "मान घाल खाली, पोरी. नाक कापडाला लागलं पाहिजे. भरतकाम करतेस की खिडकीतून वरात बघतेस?"

तिने मान घातली. दिवसचे दिवस घातली. हात तिचा लवकर बसला, रक्तातच होतं म्हणा. आणि एका संध्याकाळी भुवईच्या वर ठणका लागला म्हणून तिने मान वर केली, तर समोरच्या दिव्याभोवती एक गोल वलय. आत निळसर, बाहेर तांबूस.

"मावशी," ती म्हणाली, "दिव्याला काहीतरी झालंय."

लगेच कोणीतरी ओरडलं, "खळं पडलं! ताईंना खळं पडलं!" बायका उठल्या, अंधारातून हात आले, तिच्या गालांवरून, केसांवरून फिरले. मावशी रडत होती. "इतक्या लवकर! अगं, तुझ्या आईलासुद्धा किती वर्षांनी दिसलं! ती असायला हवी होती गं आज."

आई गेल्यापासून लेक कोणासमोर रडली नव्हती. त्या दिवशी रडली. डोकं फुटायची वेळ आली होती, मळमळत होतं, पण तिला वाटलं, आई इथेच कुठेतरी अंधारात उभी आहे.

डोकेदुखी काही थांबेना. चष्मा लागला असेल म्हणून ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरीणबाई उतारवयाच्या, बोलायला फटकळ. तपासता तपासता लेकीने कौतुकाने खळ्याची गोष्ट सांगितली. डॉक्टरांचा हात जागच्या जागी थांबला.

"कधी दिसतं हे वलय?"

"संध्याकाळी. खूप वेळ भरत बसलं की."

"अंधारात, मान खाली घालून. आणि भुवईवर दुखतं. मळमळतं."

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"अहो, हे मला नाही कळणार तर कोणाला कळणार?" डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "नीट ऐका. डोळ्यातलं पाणी बाहेर जायला एक वाट असते. काहींची ती जन्मतःच अरुंद असते. अंधारात बाहुली मोठी होते आणि ती वाट दाबली जाते. आत दाब वाढतो. त्या दाबाने डोळा धुरकट होतो आणि दिव्याभोवती रंग दिसतात. तुमची कला नाही दिसत त्यात. काचबिंदू दिसतो."

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला घेतली.

"तुम्ही वेळेत आलात. लेझरने बारीकशी वाट करून देऊ, थेंब देऊ, डोळे वाचतील. पण आधी सांगा, घरात अजून कोणाला? हे रक्तातून येतं."

"आईला... आईला खळं दिसायचं."

"आई कशा आहेत?"

"गेल्या. जिन्यावरून पाय घसरून."

डॉक्टर हळूच म्हणाल्या, "या दुखण्यात नजर कडेने जाते. समोरचं दिसतं, बाजूचं आणि पायाखालचं दिसेनासं होतं. माणसाला स्वतःलाही पुष्कळ दिवस पत्ता लागत नाही."

घरी जाताना लेकीला एकेक आठवायला लागलं. आई हाक मारली की अख्खी मान वळवायची. पेला टेबलाच्या कडेवर ठेवायची आणि तो पडायचा. भिंतीला हात लावून चालायची, आणि लेक चिडवायची, "भिंत पडेल म्हणून धरून ठेवतेस का गं?" आई हसायची. रस्त्यात उभ्या उभ्या लेकीच्या अंगावर काटा आला. भर दुपारी पाय घसरला नव्हता. आईला पायरी दिसलीच नव्हती!

दुसऱ्या दिवसापासून तिला त्या खोलीची अशी धास्ती बसली की जिना चढताना ती दोन्ही हातांनी कठडा धरायची. आठवड्याभरात डोळ्यांवर इलाज झाला. आता तिला सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि तेच भयंकर होतं. मोठ्या चौकटीवर बसलेल्या बायका पाणी ओतताना पेल्यात बोट घालत. खाली पडलेली कात्री जमीनभर चाचपून शोधत. मावशीच्या डाव्या बाजूला लेक हाताच्या अंतरावर जाऊन उभी राहिली. मावशी टाका घालत राहिली. तिला कोणी आल्याचं कळलंच नाही.

इतकी वर्षं या खोलीने ज्यांना मान दिला, त्या एकेक आंधळ्या होत चालल्या होत्या. आणि तो मान आईने दिला होता.

लेकीच्या तोंडाला कुलूप लागलं. बोलावं, तर हातातलं काम जाणार. बायका म्हणतील, पुस्तकं वाचून आलेली ही आम्हाला शहाणपण शिकवते. आणि सगळ्यांत मोठी भीती तिने स्वतःपाशीही उच्चारली नाही. खिडक्या उघडणं म्हणजे आई चुकली असं सांगणं. जिला जाऊन अजून धड वर्ष झालं नाही, तिच्याविरुद्ध साक्ष द्यायची? ‘प्रदर्शन होऊ दे, मग बघू,’ असं ती मनाला सांगत राहिली. दिवस ढकलत राहिली.

मग ती दुपार आली. लेक खालून जिना चढणार, तोच वर दाराशी मावशी दिसली. एका हातात धाग्यांची टोपली. तिने एक पाय पुढे काढला. तो पाय हवेत तसाच राहिला, पायरी शोधत. थोडा डावीकडे गेला. थोडा पुढे. पायरी उजवीकडे होती.

हाक मारावी, तर मावशी दचकेल. न मारावी, तर? तिला एकाच वेळी मावशी दिसत होती आणि आई दिसत होती. ती श्वास रोखून एकेक पायरी चढायला लागली. जिना करकरला.

"कोण आहे?" मावशीने नजर रोखून विचारलं. ती थेट लेकीकडेच बघत होती.

"मीच. हलू नकोस. टोपली दे इकडे."

तिने मावशीचा पाय आपल्या हाताने पायरीवर ठेवला आणि तिला मिठी मारून खाली बसवलं.

"मावशी, तुला दिसत नाही."

"हळू बोल!" मावशीने तिचं मनगट आवळलं. "वर ऐकू जाईल. डावा गेलाय. उजव्याने अगदी जवळचं, नाकासमोरचं दिसतं अजून, मधल्या फुलापुरतं. तेवढं पुरे मला."

"आणि आई?"

मावशीने तिचं मनगट सोडलं. "तिचंही तसंच होतं. आम्ही दोघी एकमेकींना सांभाळायचो. उतरताना मी तिचा हात धरायचे. त्या दिवशी मी तापाने घरी होते गं."

"डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"गेलो असतो आणि डॉक्टर म्हणाला असता, काम सोडा, मग? भरणारीला दिसत नाही, ही बातमी बाहेर गेली तर शाल कोण घेणार? तुला नोकरी आहे, पोरी. आमचं हेच आहे. वर बसलेली प्रत्येकजण हेच लपवून बसलीय. घाबरलेल्या बायकांची खोली आहे ती. तुझी आईसुद्धा घाबरलेलीच होती, फक्त ती मालकीण होती म्हणून कोणाला दिसलं नाही."

लेकीला आईचा राग यायला हवा होता. आला नाही. आईची दया आली, आणि त्याच क्षणी तिच्या मनातली गाठ सुटली. आईने हे जाणूनबुजून केलं नव्हतं. पण आता लेकीला माहीत होतं. माहीत असून खिडक्या बंद ठेवल्या, तर तो दोष आईचा कसा राहील?

दुसऱ्याच दिवशी तिने डॉक्टरांना खोलीवर आणलं. जिन्यात ठेचकाळत त्या वर आल्या आणि म्हणाल्या, "रुग्ण तपासायला आले होते, इथे मीच रुग्ण व्हायची." मग त्यांनी साध्या शब्दांत सगळं सांगितलं. अंधारामुळे सगळ्यांनाच हे होतं असं नाही, पण ज्यांची वाट अरुंद, त्यांना अंधार महागात पडतो. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली वाचवता येते, आजच गेलं तर.

मोठ्या चौकटीवरून संतापलेला आवाज आला. "म्हणजे आमचं खळं हा रोग? एवढी वर्षं आम्ही रोगाची मिरवणूक काढली? ताई, बाईंना जाऊन वर्ष झालं नाही, आणि तुम्ही त्यांना खोटं पाडायला माणसं आणता?"

"माझी आई जिन्यावरून घसरली नाही," लेक म्हणाली. आवाज कापत होता, तिने तो कापू दिला. "तिला पायरी दिसली नाही. ती या अंधाराने गेली. मला तुमच्यापैकी एकीलाही तसं जाऊ द्यायचं नाही."

"मग मधलं फूल भरायचं कोणी? खळं पडल्याशिवाय हात पक्का होत नाही, हे काय आम्हाला ठाऊक नाही?"

"मी भरते की!" कोपऱ्यातून आवाज आला. रेडिओ होती. ती पहिल्यांदाच चाचरत बोलत होती. "मला... मला खळं कधी दिसलंच नाही. खोटं बोलले मी. मधलं फूल भरायला मिळावं म्हणून. आणि गेली इतकी वर्षं तुम्ही सगळ्या माझं फूल वाखाणताय. बाईंनी तर ते भिंतीवर लावलं होतं!"

मावशी एकदम हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले. "मेले! आणि मी त्या खळ्यापायी डोळा पणाला लावला गं! पोरी, ओढ ते कापड आधी!"

लेकीने खिडकीवरचं कापड धरलं आणि ओढलं. खिळे निसटले, धुळीचा लोट उठला, आणि किती तरी वर्षांनी त्या खोलीत उजेड आला! बायकांनी डोळ्यांवर हात धरले, मग हळूहळू काढले. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणाचे केस पिकले होते, कोणाच्या गालावर जुना व्रण होता. शेजारी शेजारी बसून त्यांनी एकमेकींना असं पाहिलंच नव्हतं.

पुढचं सगळं काही गोड झालं नाही, ते सांगितलं पाहिजे. मावशीचा डावा डोळा गेला तो गेलाच. उजवा वाचला, पण ती आता मधलं फूल भरत नाही, शिकवते. एकजण काम सोडून गेली. उजेडात माझा हात चालत नाही, म्हणाली. ती डॉक्टरकडेही गेली नाही, आणि लेकीला तिची काळजी अजून लागून आहे. प्रदर्शनवाल्या बाई आल्या, खिडक्या पाहून त्यांचा चेहरा पडला.

"अहो, या उजेडात काही राहिलंच नाही. आणि रंग उडाले तर?"

"भरून झालेला भाग आम्ही झाकून ठेवतो. हाताखालचा तेवढा उघडा. तरीही डाळिंबी थोडा उतरेल."

"मग ती जुनी पद्धत कशी म्हणायची?"

"टाका जुनाच आहे," लेक म्हणाली. "आणि तो टिकवायचा तर घालणारीला दिसलं पाहिजे. आमचे हात हवे असतील तर तोंडांसकट घ्या."

बाई तशाच निघून गेल्या. काही दिवसांनी त्यांचा निरोप आला. अर्ध्या शाली घेऊ, आणि चित्रण खिडकीशी बसून करू. रेडिओने ताबडतोब पावडर मागवली. लेक मात्र अजूनही जिना चढताना कठडा घट्ट धरते. ती धास्ती जायला वेळ लागेल. कदाचित जाणारही नाही.

वाचकहो, जुनं ते जपायला हवं, यात दुमत नाही. हाताने भरलेली शाल आपण कौतुकाने अंगावर घेतो, वारसा म्हणतो, बायकांना आधार दिला म्हणतो. ते खरं व्हावं असं वाटत असेल, तर पुढच्या वेळी कापडावरून बोट फिरवण्याआधी विकणाऱ्याला एवढंच विचारा: ही भरणारी बाई बसते कुठे? तिथे खिडकी आहे का? तिचे डोळे शेवटचे कोणी तपासले? उत्तर आलं नाही, तर शाल तिथेच ठेवा आणि पुन्हा विचारा. आपण विचारत राहिलो, तर कोणीतरी जिना चढून जाईल आणि खिडकी उघडेल.